खोकून दाखवा

हर्नियाचं निदान बहुतेक वेळा न्हाणीघरात होतं, आणि ते करणारा डॉक्टर नसतो. साबण लावताना जांघेत हाताला काहीतरी मऊ लागतं. दाबलं की आत जातं, जरा वेळाने परत येतं. दुखत काही नाही. रात्री आडवं झालं की दिसेनासं होतं, म्हणून सकाळी उठल्यावर ‘भास झाला असेल’ असं म्हणायला वाव राहतो. त्या वावात माणसं वर्षानुवर्षं काढतात. जागाही अशी की कुणाला दाखवावीशी वाटत नाही. गुडघा दुखत असला तर माणूस एसटी स्टँडवर अनोळखी माणसालाही सांगेल; जांघेतलं बायकोला सांगत नाही.

माझ्या बायकोच्या ते लक्षात आलं शिंकेवरून. “अहो, शिंक आली की तुमचा हात तिथं का जातो?” असं तिने सरळ विचारलं. फुगवटा मला ठाऊक होता, हाताचं ठाऊक नव्हतं. शिंकताना, खोकताना, गॅसचं सिलिंडर सरकवताना उजवा हात आपला जाऊन जांघ दाबून धरत होता. शरीराने मला न विचारता सोय करून घेतली होती. तिने त्याच आठवड्यात सर्जनकडे नंबर लावला.

सर्जनने मला आधी टेबलावर झोपवलंच नाही. “उभे राहा. मान तिकडे करा. खोका.” खोकलो. “अजून एकदा. जोरात.” त्यांची दोन बोटं जांघेवर होती आणि प्रत्येक खोकल्याला आतून काहीतरी त्या बोटांवर येऊन आदळत होतं, हे मलाही कळत होतं. मग झोपवलं, फुगवटा आत गेला, आणि तपासणी संपली. मशिन नाही, रक्त नाही. खोकल्यावर बाहेर येणाऱ्या पोटावरच्या फुगवट्याची नोंद इजिप्तच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या पपायरसात आहे म्हणतात, आणि आजही साध्या केसमध्ये उभं करून खोकायला लावणं एवढंच पुरतं.

“गाठ नाही ही,” हात धुता धुता ते म्हणाले. “भोक आहे.”

या वाक्याने माझ्यापुरता अर्धा गोंधळ मिटला. गाठ म्हटलं की माणूस घाबरतो, नाहीतर ती विरघळवायला निघतो. पोटाच्या भिंतीतल्या भोकाला गोळी नसते. तेल चोळून, काढा पिऊन, आसनं करून भोक बुजत नाही. रिक्षांच्या पाठीवर ‘हर्निया: विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज’ अशा पाट्या असतात, त्यांचा धंदा लोक हर्नियाला गाठ समजतात म्हणून चालतो. पट्ट्याचंही तेच. आमचे नाना, म्हणजे माझे धाकटे चुलते, धुळ्याच्या बाजार समितीत हमाली करून निवृत्त झाले. त्यांनी कमरेला पट्टा बांधून उभी हयात पोती वाहिली. पट्टा फुगवटा दाबून धरतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण खालचं भोक जिथल्या तिथे, आणि दिवसेंदिवस थोडं मोठंच. नानांना विचारलं की त्यांचं एकच उत्तर: “काही नई व्हत रे भाऊ.”

हे भोक तिथेच का, याचं उत्तर आपण जन्माला यायच्या आधीचं आहे. पुरुष गर्भात वृषण खाली तयार होत नाहीत. ते वर, मूत्रपिंडांच्या शेजारी तयार होतात. सातव्या महिन्याच्या सुमारास ते पोटाची भिंत ओलांडून, जांघेतल्या एका चिंचोळ्या वाटेने खाली अंडकोशाच्या पिशवीत उतरतात. उतरताना पोटाच्या आतल्या अस्तराचं एक टोक सोबत ओढून नेतात. ही वाट मागाहून मिटायला हवी. पुष्कळांची मिटते. काहींची अर्धवट मिटते, काहींची उघडीच राहते, आणि कधीतरी आतड्याचं वेटोळं किंवा पोटातली चरबी त्या वाटेने डोकावते. उजवं वृषण डाव्याच्या मागून उतरतं, म्हणून उजवीकडचा हर्निया जास्त. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांमध्ये तो जास्त, कारण वाट मिटायला वेळच मिळालेला नसतो. आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत थांबून बघू असं म्हणत नाहीत, लवकर ऑपरेशन करतात.

मोठ्या माणसात ही वाट जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीची असते. तिच्यातून वीर्यवाहिनी जाते, रक्तवाहिन्या जातात, मज्जातंतू जातात. म्हणजे ती पूर्ण बंद करूनही चालणार नाही. सर्जनच्या कामातली सगळी मेख इथे आहे.

माझा प्रकार वेगळा निघाला. जुन्या वाटेने आलेला तो इनडायरेक्ट. माझा डायरेक्ट, म्हणजे त्या वाटेची मागची भिंतच वयाने विरून तिथून सरळ पुढे आलेला. डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढून दाखवलं. ते मी जपून ठेवलं आहे, कारण इतकं वाईट चित्र इतकं उपयोगी पडलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. मी म्हटलं, डॉक्टर, मी बँकेत होतो. आयुष्यभर लेजरपेक्षा जड काही उचललं नाही. ते हसले. वय, जुनाट खोकला, तंबाखू-विडी, शौचाला कुंथणं, प्रोस्टेट वाढल्यावर लघवीला जोर करणं, घरात बापाला-भावाला असणं, अशी कारणांची मोठी यादी आहे. ओझ्याचा संबंध लोक समजतात तितका सरळ नाही. नाहीतर मार्केट यार्डातल्या प्रत्येक हमालाला तो झाला असता आणि बँकेत एकालाही नाही. पुरुषाला आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होण्याची शक्यता २७ टक्के धरतात, बाईला ३ टक्के. चार पुरुषांत एक म्हणजे माझ्या शाखेच्या ग्रुप फोटोत किती जण, हा हिशेब मी करून पाहिला. त्यातल्या एकानेही कधी चकार शब्द काढला नव्हता.

ओझ्यावर जुन्यांनीही बोट ठेवलं होतं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वृद्धीचे सात प्रकार सांगितले आहेत, त्यातला एक आंत्रवृद्धी. कारणं अशी: भार वाहणं, आपल्याहून बलवानाशी झुंजणं, झाडावरून पडणं. लक्षण तर इतकं नेमकं की उभं करून तपासल्याशिवाय कुणी लिहिणार नाही: दाबली की आवाज करत वर जाते, सोडली की पुन्हा फुगते. आतड्यात वायू असला की तो गुडगुड आवाज आजही येतो. आणि पुढे निकाल दिला आहे, असाध्य. मला त्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं. रिक्षामागच्या पाटीवाल्यांना तेवढंही जमत नाही.

बायकांचे ३ टक्के वाचून सोडून देऊ नयेत. माझ्या मावशीला उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं. एका दवाखान्यात ॲसिडिटी म्हणून इंजेक्शन, दुसऱ्यात सलाईन. दोन्हीकडे लुगड्यावरूनच पोट दाबून पाहिलं. जांघेपर्यंत कुणी गेलं नाही आणि मावशीने आपणहून दाखवलं नाही. तिथे लिंबाएवढा टणक फुगवटा होता. हा मांडीच्या मुळाशी, जरा खालच्या अंगाला येणारा फिमोरल हर्निया. तो बायकांत जास्त, आणि त्याचं भोक लहान, कडा ताठ. म्हणून आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका याच्यात बराच अधिक. मावशीचं रात्रीतून ऑपरेशन झालं, आतड्याचा तुकडा काढावा लागला. वाचली. नंतर मी तिला विचारलं, कधीपासून होतं गं? “असंल दोन-चार वर्सं,” म्हणाली. “त्यात काय सांगायचं?”

भोक म्हटलं की पुढचा प्रश्न, बुजवायचं कधी? मी डॉक्टरांना हेच विचारलं, आणि ते ‘उद्याच या’ म्हणतील अशी माझी तयारी होती. ते म्हणाले, घाई नाही. अमेरिकेत याची नीट चाचणी झाली आहे, २००६ साली प्रसिद्ध झाली: त्रास नसलेले किंवा अगदी किरकोळ त्रास असलेले ७२० पुरुष घेतले, निम्म्यांचं लगेच ऑपरेशन, निम्म्यांना फक्त लक्ष ठेवायला सांगितलं. थांबलेल्यांमध्ये आतडं अडकून धावपळ होण्याचं प्रमाण फारच थोडं निघालं, वर्षाला हजारात दोनच्याही आत. म्हणजे थांबणं सुरक्षित. पण दोन वर्षांत त्यातल्या २३ टक्के लोकांनी आपणहून ऑपरेशन करून घेतलं, आणि दहा वर्षांच्या पाठपुराव्यात हा आकडा ६८ टक्क्यांवर गेला. कारण मुख्यतः एकच, दुखायला लागलं.

हे आकडे मला फार आवडले. त्यात भीती नाही आणि भूलथापही नाही. थांबा म्हणतात, पण बहुतेकांचा नंबर लागणार आहे हेही सांगतात. ही मोकळीक फक्त पुरुषांच्या, त्रास नसलेल्या, आत जाणाऱ्या हर्नियाला. फिमोरलला नाही, बायकांच्या जांघेतल्या फुगवट्याला नाही. आणि एरवी आत जाणारा फुगवटा एके दिवशी आत जाईना, टणक झाला, दुखू लागला, वरची कातडी लाल झाली, उलट्या सुरू झाल्या, तर तो विषय उद्यावर टाकायचा नाही. दाबून, मुरगाळून आत घालायचा घरगुती प्रयोगही नको. त्या दिवशी नंबर लावत बसायचं नसतं, थेट कॅज्युअल्टीत जायचं.

मला दुखत होतं. फार नाही, संध्याकाळी, उभं राहून झालं की जड-जड ओढ लागायची. म्हणून मी हो म्हटलं. एरवी कदाचित थांबलो असतो.

बँकेत असताना वाचायला वेळ नव्हता. आता आहे, आणि ऑपरेशनची तारीख ठरली की माणूस काहीही वाचतो. मला इटलीचे एदुआर्दो बासिनी सापडले. हे १८६७ साली, इटली एक करायला निघालेल्या गॅरिबाल्डीच्या बाजूने रोमजवळ लढायला गेलेले तरुण डॉक्टर. तिथे त्यांच्या उजव्या जांघेत संगीन घुसली. आतड्यापर्यंत जखम, कैद, महिनोन्महिने न भरणारी, आतड्यातून बाहेर वाहणारी जखम. पाव्हियात उपचार होऊन ते त्यातून उठले. पुढे याच माणसाने पादुआत १८८४ साली जांघेच्या हर्नियाचं ते ऑपरेशन केलं ज्यावरून त्यांना आधुनिक हर्निया शस्त्रक्रियेचे जनक म्हणतात. ज्या गल्लीत संगीन गेली होती तिचा नकाशा त्यांच्याइतका कुणाला पाठ असणार!

बासिनींच्या आधी काय चाले ते वाचू नये, पण वाचलं. डागणं, बांधणं, आणि युरोपात कित्येक शतकं हर्नियासोबत वृषणही काढून टाकणं. बासिनींनी वाटेची मागची भिंत उघडून स्नायूंचे थर खालच्या ताठ बंधाला टाके घालून नव्याने जोडले. अडीचशेहून जास्त ऑपरेशनं केली आणि, त्या काळी नवलच, रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. हर्निया परत येण्याचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास. इतरांच्या हातात मात्र तेवढं यश आलं नाही, कारण पद्धतीत एक अडचण होती: लांबची दोन टोकं ओढून जवळ आणली की टाक्यांवर ताण येतो. कॅनडात टोरांटोच्या शोल्डिस हॉस्पिटलने १९४५ पासून चार थरांची नाजूक शिलाई करून हा ताण वाटून दिला, आणि रुग्णाला टेबलावरून चालत खोलीत पाठवायची प्रथा पाडली. आजही ते जवळजवळ तेवढंच काम करतात.

विरलेल्या कापडाला ओढून टाके घातले की ते शेजारून फाटतं, ठिगळ लावावं लागतं, हे गोधडी शिवणारी कुठलीही आजी सांगेल. शल्यचिकित्सेला त्यासाठी प्लास्टिकची वाट बघावी लागली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सिस अशर या अमेरिकन सर्जनने प्लास्टिकच्या धाग्यांची जाळी आणली, आणि लॉस एंजेलिसच्या आयर्विंग लिक्टेनस्टाइन यांनी १९८४ पासून ती सरसकट वापरली: काही ओढायचं नाही, भोकावर जाळी पसरायची, कडेने अडकवायची, जागेवरच भूल देऊन त्याच दिवशी घरी. १९८९ साली त्यांनी हजार रुग्णांची माहिती छापली. एकाचाही हर्निया परत आलेला नव्हता. जाळी काही कायमचा दरवाजा नसते. तिच्या छिद्रांतून आपल्याच शरीराचे तंतू वाढतात आणि भिंत होते ती त्यांची. आज जगात वर्षाला २ कोटींहून जास्त जांघेचे हर्निया शिवले जातात, त्यातले बरेचसे या ना त्या जाळीने.

आता यात आमचं खानदेश. धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा लोकांना मिरचीसाठी माहीत आहे. तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्यासमोर रोजचा प्रश्न असा की आयात केलेली जाळी रुग्णाला झेपत नाही. त्यांनी पाहिलं की मच्छरदाणीचं कापड जवळपास त्याच जातीच्या प्लास्टिकचं असतं. ते धुऊन, तुकडे कापून, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करून त्यांनी वापरलं. हा एकट्याचा जुगाड म्हणून सोडला नाही. वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्जनांना सोबत घेऊन केलेल्या कामाचा लेख २००३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त आला. पुढे युगांडात स्वीडिश आणि युगांडन डॉक्टरांनी ३०२ पुरुषांवर रीतसर चाचणी केली, अर्ध्यांना महागडी जाळी, अर्ध्यांना मच्छरदाणीच्या कापडाची. वर्षभराने दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. ते २०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. सुरत-भुसावळ पॅसेंजर जिथे थांबते त्या गावातली कल्पना तिथवर गेली. आमच्याकडे मात्र हे सांगितलं की लोक हसतात: मच्छरदाणी? पोटात? वर निर्जंतुक पाकीट आणि परदेशी नाव असलं की तोच माणूस निमूट सही करतो.

पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी तर जाळीच नको म्हटलं. रुग्णाच्याच पोटाच्या बाहेरच्या स्नायूच्या चिवट आवरणाची एक पट्टी, दोन्ही टोकांना जोडलेली तशीच ठेवून, मागच्या भिंतीवर आणून शिवायची. त्यांचा लेख २००१ सालचा. पोलंडमधल्या एका चाचणीत तीन वर्षांनंतर त्याचे निकाल जाळीच्या तोडीचे निघाले. जगभरच्या तज्ज्ञांचा कौल अजून जाळीकडे आहे, आणि मी काही सर्जन नाही. पण या दोघांची नावं आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात नाहीत, निदान हर्निया झालेल्यांना तरी ठाऊक असावीत.

दुर्बिणीतून की उघडं, यावर आमच्या घरात निवडणुकीसारखी चर्चा झाली. दुर्बिणीने दोन्ही बाजू एकदम होतात, दुखणं कमी, लवकर कामावर. पण पूर्ण भूल लागते, खर्च जास्त, आणि करणारा हात सराईत हवा. आधी उघडं ऑपरेशन होऊन हर्निया परत आला असेल तर दुर्बीण बरी. माझी एकच बाजू, पहिलीच वेळ, आणि माझे सर्जन उघड्या पद्धतीत मुरलेले. ज्याचा हात ज्यात बसला आहे त्याच्याकडून ते करून घ्यावं, यापलीकडे मला निवड करता आली नाही, आणि मला वाटतं रुग्णाला यापलीकडे करताही येत नाही.

पाठीतून भूल दिली. आधी पाय गरम झाले, मग माझे राहिले नाहीत. पडद्याच्या पलीकडे सर्जन आणि सिस्टर मुलांच्या शाळेच्या फीबद्दल बोलत होते, आणि मला ते फार दिलासादायक वाटलं. काही गंभीर असतं तर फीचा विषय निघाला नसता.

खरी परीक्षा संध्याकाळी, लघवीची. पाठीतल्या भुलीनंतर, त्यात साठीच्या आसपासचा पुरुष, त्यात प्रोस्टेट: मूत्राशय भरलेलं, आणि दार काही उघडेना. नळ सोडून ठेव, उभा राहून बघ, पोटावर गरम फडकं ठेव, असे सगळे उपाय झाले. सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन विचारायची, “काका, झाली का?” शेजारच्या कॉटवरचे गृहस्थ त्यांच्या मुलाला हळूच म्हणाले, “अजून नाही झाली यांना.” कॅथेटरचं, म्हणजे लघवीच्या नळीचं, ताट दाराशी आलं आणि तेवढ्यात झाली. वॉर्डभर आनंद.

पहिल्या खोकल्याला मात्र वाटलं सगळं उसवलं. उसवत नाही. उशी घेऊन जखमेवर दाबायची आणि खोकायचं. खोकला दाबून ठेवायचा नाही, नाहीतर छातीत कफ साठतो. अंथरुणातून सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून हाताचा रेटा देऊन उठायचं. पिशवी काळी-निळी पडते, सुजते, हे आधी कुणी सांगत नाही आणि आरशात पाहून माणूस हबकतो; वरचं साकळलेलं रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं, आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. जखमेखाली पाणी साठून पुन्हा फुगवटा आल्यासारखं दिसतं, तेही बहुधा आपोआप जिरतं. ताप, जखमेतून पू, वाढत जाणारी सूज, अडलेली लघवी, असं असेल तर मात्र फोन करायचा.

भेटायला येणाऱ्यांनी वेगळाच कागद आणला होता. भात नको, टाके पिकतात. दही नको. जिना नको. सहा महिने पाण्याची बादली उचलू नको. आमच्या सासूबाईंनी तर कमोडची खुर्ची आणायला लावली. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, भात खा, पण त्यासोबत भाजी आणि इसबगोल घ्या, कारण कुंथणं वाईट. आणि पहिल्या दिवसापासून चाला. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तर असं आहे की गुंतागुंत नसेल तर बंधनं घालूच नयेत. जे सोसवेल ते करावं, आणि बहुतेकांना तीन-पाच दिवसांत रोजची हालचाल जमते. आमच्या डॉक्टरांनी जड ओझ्यासाठी काही आठवडे थांबायला सांगितलं. स्कूटरबद्दल त्यांचा नियम मला पटला: गचकन ब्रेक दाबताना दचकायला होत नाही, तेव्हा चालवा. भाजीची पिशवी बायकोने बरेच दिवस हातात येऊ दिली नाही. तिला मी मार्गदर्शक सूचना वाचून दाखवल्या. “त्या लिहिणाऱ्यांच्या बायकांना विचारा,” म्हणाली.

एक गोष्ट ऑपरेशनच्या आधी बोलली गेली पाहिजे आणि सहसा बोलली जात नाही. साधारण दहांतल्या एकाला तीन महिन्यांनंतरही दुखणं उरतं. फारसं अपंग करणारं क्वचित, पण उरतं. त्या वाटेतून आणि तिच्या शेजारून तीन मज्जातंतू जातात, आणि त्यातला एखादा दुखावला, जाळीत अडकला, की जळजळ, टोचणी. माझ्या मेहुण्याला मांडीला पाकीट घासलं तरी झिणझिण्या येतात, आणि ‘ऑपरेशन यशस्वी झालंय, आता मनाचं आहे’ असं त्याला ऐकावं लागलं. मनाचं नसतं. त्याला औषधं आहेत, मज्जातंतू बधिर करायची इंजेक्शनं आहेत, वेदनेचे डॉक्टर आहेत. ज्याला आधी काहीच दुखत नव्हतं त्याला हा दहात एक विचारात घेऊनच थांबायचं की नाही ते ठरवता येतं. माझ्या जखमेखाली तळहाताएवढी जागा बधिर आहे. पँटचा पट्टा लावताना ती कळते, एरवी नाही.

माझं पाहून नाना बधले. त्यांचा हर्निया एवढ्या वर्षांत पिशवीपर्यंत उतरलेला, मोठा, त्यात दमा. पूर्ण भूल नको आणि पाठीतलीही नको म्हणून सर्जनने जागेवरच सुया टोचून केलं. नाना पूर्ण वेळ जागे, आणि सवयीप्रमाणे बोलत. एका पोत्याचं वजन १०० किलो होतं तेव्हापासून सुरुवात. मग पोतं ५० किलोचं व्हावं म्हणून हमाल पंचायतीने मांडलेला आग्रह, बाबा आढावांची सभा, सगळं झालं. जाळी बसवून झाल्यावर सर्जन म्हणाले, “नाना, जरा खोकून दाखवा.” जागेवरच्या भुलीत हा एक फायदा, शिलाई टिकते का ते तिथंच बघता येतं. दम्याच्या माणसाला खोकायला सांगणं म्हणजे काय ते सर्जनना तेव्हा कळलं. जाळी टिकली. मच्छरदाणीची हकिकत मी त्यांना आधीच सांगितली होती. ड्रेसिंग होताना त्यांनी विचारलं, आपल्याला दोंडाईचाची टाकली की बाहेरची?

नाना त्याच दिवशी संध्याकाळी रिक्षाने घरी आले. लघवी केव्हाच झाली होती.

मला डावीकडेही आहे. प्रोस्टेटच्या सोनोग्राफीत सापडला; बारीक आहे, हाताला लागत नाही, दुखत नाही. नुसता सोनोग्राफीत दिसणारा हर्निया शिवायचा नसतो, यावर डॉक्टरांचं आणि माझं एकमत आहे. बायकोचं नाही. आता कुणाला शिंक आली की ती आधी माझ्या डाव्या हाताकडे बघते. हात हलला तर करून घेईन, पण या वेळी नानांसारखं जागेवरच्या भुलीत. ती संध्याकाळ आणि वॉर्डातला तो प्रश्न मला पुन्हा नको आहे.